चार नंबरच्या खाटेचा ग्राफ

आम्ही जुन्या डॉक्टरणी एकत्र जमलो की पहिली दहा मिनिटं गुडघे आणि बीपी. मग कुणीतरी म्हणतं, "अगं, ती मुनियम्मा आठवते?" आणि ताटातलं जेवण गार होतं. पेशंटची नावं आठवत नाहीत, आपण काय काय ऑपरेशनं केली तेही आठवत नाही, पण कोण कुठं उभं राहून काय म्हणालं ते मात्र लख्ख आठवतं. लेबर वॉर्डात असंच होतं. कामाच्या धांदलीत हसायला सवड नसते, म्हणून हसू शिल्लक राहतं आणि पुढं बरीच वर्षं पुरतं.

माझ्याकडचे बरेचसे किस्से एकाच वर्षातले आहेत. ऐंशीच्या दशकाचा मध्य. चेन्नईला तेव्हा सगळे मद्रासच म्हणत. नवरा संरक्षण खात्याच्या कारखान्यात, त्याच्या बदलीबरोबर मी साताऱ्याहून तिथं गेले आणि बाळंतपणाच्या एका मोठ्या इस्पितळात असिस्टंट म्हणून लागले. तमिळ येत होतं ते एवढंच: "दुखतंय का?" आणि "जोर करा". लेबर वॉर्डात एवढ्या भांडवलावर पुष्कळ दिवस निघतात.

आमच्या मुख्य डॉक्टर म्हणजे राव मॅडम. तंजावरकडच्या मराठी घरातल्या. मला मराठी बोलणारं कुणी भेटलं म्हणून मी आनंदले, तर पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "काय करूलालीस?" मी नुसती बघत राहिले. काय करते आहेस, असं त्यांना विचारायचं होतं. त्यांच्या मराठीत 'सगळं' म्हणजे 'अस्क' आणि 'चांगलं' म्हणजे 'चोखट'. राउंडवर पेशंटला कळू नये असं काही असलं की मॅडम माझ्याशी मराठीत बोलत. पेशंटला त्यातलं काही कळत नसे, आणि अर्धं मलाही कळत नसे.

*

त्या वर्षी वॉर्डात मशीन आलं. बाळाच्या हृदयाचे ठोके कागदावर उमटवणारं, परदेशी, लाकडी खोक्यातून आलेलं. आता हे कशाला, तर बाळाला पोटात ऑक्सिजन पुरतोय की नाही हे थेट मोजायची सोय नव्हती. ते ठोक्यांवरूनच ओळखायचं. कळ आली की बाळाकडं जाणारं रक्त कमी होतं, काही बाळांचे ठोके उतरतात, कळ गेली की पुन्हा वर येतात. किती उतरले, किती लवकर सावरले, यात सगळं आलं. दिवस भरण्याआधी येऊ घातलेल्या बाळांच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून बघावं लागे, कारण त्यांच्या अंगात ताकदच नसते.

तोवर आम्ही हे काम लाकडी नळीनं करत होतो. एक टोक पोटावर, दुसऱ्या टोकाला कान, हातात घड्याळ. राव मॅडमनी तीस वर्षं त्या नळीवर काढली होती. मशीनकडं त्या, नव्या सुनेकडं बघावं तसं, बघत होत्या.

मशीन बसवायला शहरातल्याच गिंडी भागातून कंपनीचा इंजिनियर आला. उत्साही मनुष्य. नेमकं त्या सकाळी कुणी मोकळी पेशंट मिळेना, तर तो म्हणाला, "नो प्रॉब्लेम मॅडम," आणि पट्टा स्वतःच्याच पोटाला बांधून टेबलावर आडवा झाला. मशीननं इमानदारीत त्याच्या पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीचे ठोके पकडले आणि रेघ काढायला लागलं. मिनिटाला बहात्तर.

मॅडमनी चष्मा लावला. कागद हातात घेतला. बाळाचे ठोके असावे लागतात एकशे वीस ते एकशे साठ.

"बाळाची तब्येत अजिबात बरी नाही," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "सिस्टर, थिएटर तयार करा. यांचं सिझेरियन आत्ता करावं लागेल."

ज्या सिस्टरला हे सांगितलं ती मर्सी. तिनं चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता त्या इंजिनियरला विचारलं, "सर, सकाळपासून काही खाल्लंय का?"

*

मर्सी आमची स्टाफ नर्स. तिशीची, सावळी, कमी बोलणारी. ते मशीन तिच्याइतकं कुणालाच वाचता येत नसे, आम्हा डॉक्टरांनाही नाही. महिनाभरात ती वाकड्यातिकड्या रेघांवरून सांगायला लागली, "हे बाळ झोपलंय, हे नाळेवर पडलंय, हे दमलंय."

तिची स्वतःची दोन बाळं गेली होती. दोन्ही सातव्या महिन्यात आली, दोन्ही एकेक दिवसाची होऊन गेली. आमच्याच इस्पितळात. दुसऱ्यानंतर पंधरा दिवसांनी ती ड्युटीवर हजर झाली आणि कुणी काही बोलायच्या आत म्हणाली, "आज किती ॲडमिशन?"

त्या वर्षी तिला पुन्हा दिवस गेले. एकोणतिसावा आठवडा संपत आला होता. एका दुपारी ती दहा नंबरच्या पेशंटला इंजेक्शन देत असताना मधेच थांबली, खाटेचा दांडा धरला. मग इंजेक्शन पुरं केलं, चार्टवर वेळ लिहिली, सही केली. सुई ट्रेमध्ये ठेवली. आणि मुनियम्मा आयाला म्हणाली, "चार नंबरवर धुतलेली चादर घाल. आता मी झोपते."

तिला कळा सुरू झाल्या होत्या.

आम्ही कळा थांबवणारं सलाईन लावलं, बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून इंजेक्शनं दिली. दोन दिवसांनी कळा थांबल्या. पण मॅडम म्हणाल्या, आता घरी जायचं नाही. चौतीस आठवडे पुरे होईपर्यंत चार नंबरवरून हलायचं नाही. रोज दोनदा मशीन, दर चार तासांनी नळी. मर्सीनं मान डोलावली. तिच्या दोन्ही बाळांच्या वेळी मॅडमच ड्युटीवर होत्या, आणि ते दोघीही कधी बोलून दाखवत नसत.

*

दुसऱ्या आठवड्यात मी इस्पितळ डोक्यावर घेतलं. सकाळी मर्सीला मशीन लावलं होतं, मी शेजारी बसून लिहीत होते. वर बघते तर कागदावर नुसतीच सरळ रेघ. ठोके नाहीत. आवाज नाही. मी मराठीत ओरडत कॉरिडॉरमध्ये धावले. मॅडम ओपीडी सोडून आल्या, दोन नर्सेस ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलत आल्या, मुनियम्मा तर मोठ्यानं देवाचा धावा करत आली.

खाटेवर मर्सी उजव्या हातानं पट्टा सरकवत होती. चार बोटं उजवीकडं नेला, दाबला. मशीन पुन्हा घोड्याच्या टापांसारखं वाजायला लागलं.

"कूस बदलली त्यानं," ती म्हणाली. "डॉक्टरांना जरा पाणी द्या."

*

त्या पाच आठवड्यांत आमचा वॉर्ड प्रत्यक्षात खाट नंबर चारवरून चालत होता. कुणाचं सलाईन संपत आलंय, कुणाच्या नातेवाइकांना बाहेर काढायचंय, नव्या मुलींनी चादरीचे कोपरे कसे दुमडायचे, सगळ्या सूचना तिथून सुटत. मॅडम रागावत. मर्सी दहा मिनिटं गप्प बसे.

एकदा नवे सुपरिंटेंडेंट साहेब अचानक राउंडला आले. दारातच त्यांनी विचारलं, "या वॉर्डची इन-चार्ज कोण?"

तीन नर्सेसनी एकदम चार नंबरकडं बोट दाखवलं.

साहेब खाटेपाशी गेले, केसपेपर उचलून वाचला आणि म्हणाले, "पण ही तर पेशंट आहे."

"दोन्ही आहे, सर," मर्सी पडल्या पडल्या म्हणाली. "आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरचा कागद आठ दिवस तुमच्या टेबलावर सहीला आहे."

सिलिंडर संध्याकाळी आले.

*

तिचा नवरा सेल्वराज. गिंडीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका छोट्या कारखान्यात लेथवर काम करायचा. भेटायच्या वेळेला रोज हजर, हात साबणानं घासघासून धुतलेले, तरी नखांत काळं राहिलेलंच. बायकोशेजारी स्टुलावर तासभर गुपचूप बसायचा. जाताना मला गाठून एकच प्रश्न विचारायचा, "मशीन कसं चाललंय, डॉक्टर?"

मी सांगायची, "मशीन उत्तम. एकशे चाळीस." तो समाधानानं बसस्टॉपकडं जायचा.

मग मशीनचा कागद संपला. तो परदेशातून यायचा आणि कुठंतरी अडकला होता. सेल्वराजनं उरलेला एक तुकडा मागून नेला आणि तिसऱ्या दिवशी कापडी पिशवीतून डझनभर गठ्ठे घेऊन आला. टेलिप्रिंटरचा कोरा कागद, अचूक मापात कापलेला, दोन्ही कडांना भोकं पाडलेली. त्यासाठी त्यानं कारखान्यात सुट्टीच्या वेळात एक साचाच बनवला होता. मशीनला तो कागद इतका पसंत पडला की मूळचा कागद अडकायचा, हा कधी अडकला नाही. त्यावर छापील चौकटी तेवढ्या नव्हत्या. त्या मर्सीनं खाटेवर पडून पट्टी आणि लाल पेन्सिलीनं आखल्या. चौकटी कसल्या, दोनच रेघा: एक एकशे वीसची, एक एकशे साठची. "त्यानं एवढ्यात राहावं, मग बाकी कुठंही जाऊ दे," ती म्हणायची.

मॅडमनी सेल्वराजला बोलावून शाबासकी दिली. मग म्हणाल्या, "पण अरे बाबा, रोज मशीनची चौकशी करतोस. एकदा बायकोलाही विचारावं, बाळ कसं आहे म्हणून."

सेल्वराज खाली बघत म्हणाला, "तिला विचारलं तर ती रडते, मॅडम. मशीन रडत नाही."

त्या दिवसापासून मॅडम स्वतः त्याला मशीनची खबर द्यायला लागल्या.

*

आता लॅबचं सांगते. बाळंतपण सुरू झाल्यावर मशीनच्या कागदावरून शंका यायला लागली, तर एक पक्का उपाय होता. बाळाच्या डोक्याच्या कातडीवरून रक्ताचा एक थेंब काचेच्या बारीक नळीत घ्यायचा आणि तपासायचा. ऑक्सिजन कमी पडत असेल तर रक्तात आम्ल वाढतं. पण ती नळी बर्फावर ठेवून मिनिटांत लॅबमध्ये पोचली पाहिजे, आणि लॅबमध्ये बसलेले नरसिंहन म्हणजे नियमाचे पुतळे. फॉर्म दोन प्रतींत. शिक्का. आणि तीन वाजता कॉफी. कॉफीच्या वेळी जगातलं कुठलंही रक्त त्यांच्यापुढं आणायचं नाही.

बाळांना हे ठाऊक नसल्यामुळं ती नेमकी तीन वाजता अडचणीत येत.

राव मॅडम भांडल्या नाहीत. त्यांनी घरून एक पितळी डबरा-टंबलर, म्हणजे तिकडचा कॉफीचा पेला आणि खालची वाटी, आणून ठेवला. तीनच्या सुमाराला सॅम्पल निघालं की एकाच ट्रेमध्ये एका बाजूला बर्फावर नळी आणि दुसऱ्या बाजूला वाफाळती फिल्टर कॉफी. मुनियम्मा ट्रे नरसिंहनपुढं ठेवायची आणि सांगायची, "मॅडमनी सांगितलंय, आधी कुठलं घ्यायचं ते तुम्ही ठरवा."

तो मनुष्य लाजेनं आधी नळी घ्यायचा. आणि कॉफी गार होऊ नये म्हणून इतक्या झपाट्यानं रिपोर्ट द्यायचा की सकाळच्या रिपोर्टपेक्षा तीनचे रिपोर्ट लवकर यायला लागले.

*

चौथ्या आठवड्यात आयुधपूजा आली. त्या दिवशी तिकडं माणूस ज्या हत्यारावर पोट भरतो त्याची पूजा होते. बस, लेथ, शिवणयंत्र, चाकू, सगळ्यांना चंदन, कुंकू, हार. आणि पूजा झाली की ते हत्यार दुसऱ्या दिवशीपर्यंत विसावा घेतं. आमच्याकडं अत्यावश्यक सामान वगळून बाकीची पूजा मुनियम्मा करत असे. मशीनची ती पहिलीच पूजा, त्यामुळं तिनं हौस पुरी करून घेतली. मशीनवर गंधाचे पट्टे, मधोमध कुंकू, आणि मोगऱ्याचा एवढा मोठा हार की रेघा उमटतात ती जागाच झाकून गेली. शेजारी केळीच्या पानावर तिन्ही लाकडी नळ्या, त्याही कुंकवानं नटलेल्या.

अकरा वाजता मर्सीचे ठोके ऐकायचे होते. मी हार काढायला हात पुढं केला तर मुनियम्मा मधे उभी राहिली. "अम्मा, वर्षभर राबतात बिचारी. एक दिवस." गरज पडली असती तर तिनं स्वतःच्या हातानं हार फेकून दिला असता, हे मलाही माहीत होतं. पण मर्सी छान होती, पोट शांत होतं, आणि मुनियम्माच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं.

इतक्यात मॅडम आल्या. मला वाटलं, आता मुनियम्माची धडगत नाही. मॅडमनी सगळं बघितलं, चष्मा काढून माझ्या हातात दिला, वाकल्या आणि सरळ मर्सीच्या पोटावर कान ठेवला. घड्याळ बघत दोन मिनिटं तशाच. मर्सी वरून त्यांच्या पिकल्या अंबाड्याकडं बघत होती, तिनं हलकेच त्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"एकशे चव्वेचाळीस," मॅडम उठत म्हणाल्या. "मुनियम्मा, हे माझे कान. यांना तू कुंकू लावलेलं नाहीस, तेव्हा हे आज चालतील."

मुनियम्माचा चेहरा पडला. एवढं महत्त्वाचं हत्यार आपल्याकडून राहून गेलं! ती लगबगीनं चंदनाची वाटी घेऊन आली आणि मॅडमच्या दोन्ही कानांच्या पाळ्यांना गंध लावून त्यावर कुंकू टेकवलं.

त्या दिवशीच्या उरलेल्या सगळ्या तपासण्या माझ्या कानांनी झाल्या.

*

चौतीस आठवडे पुरे होऊन दोन दिवस झाले आणि सकाळी नऊच्या सुमाराला मर्सीचं पाणी गेलं. आता थांबवायचं काही उरलं नव्हतं. तिला लेबर रूममध्ये घेतलं, मशीन लावलं. मॅडमनी मशीनचं तोंड भिंतीकडं फिरवायला लावलं, आवाज बंद केला. मर्सीला कागद दिसू द्यायचा नाही, हा हुकूम.

बाराच्या पुढं कळा जोरात आल्या आणि प्रत्येक कळेला ठोके खाली यायला लागले. नव्वद. वर. पुन्हा नव्वद. वर. पहिलं सॅम्पल नरसिंहननी हातातलं काम टाकून तपासलं, ते चांगलं आलं. तासाभरानं दुसरं घेतलं तर नळीत हवा शिरली आणि ते वाया गेलं. पुन्हा प्रयत्न केला, थेंब पुरेसा येईना.

आता उरला तो फक्त कागद. मर्सीला दम्याचा जुना त्रास होता आणि त्या आठवड्यात छाती भरलेली होती. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की अगदी नाइलाज असेल तरच सिझेरियन, तिच्या जिवाला धोका आहे. आणि थांबावं, आणि बाळाला ऑक्सिजन कमी पडत असेल, तर तिसरंही जाणार. ठरवायचं मॅडमनी. त्यांनी कागद एकदा बघितला, दोनदा बघितला. चष्मा पुसून पुन्हा लावला, पुन्हा बघितला.

मला कोपऱ्यात ओढून त्या मराठीत म्हणाल्या, "मज काही दिसत नाही गे. रेघा बघत्ये आणि तिची आधीची दोघंच दिसतात."

मी काय सांगणार? मला तर काहीच दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते.

मॅडमनी मशीनचा हातभर कागद फाडला, नाव लिहिलेली कड आत दुमडली आणि टेबलापाशी गेल्या. पाच आठवडे त्या तिला मर्सी म्हणत होत्या. आता म्हणाल्या, "सिस्टर, सात नंबरच्या पेशंटचा ग्राफ आहे. या डॉक्टरीणबाई सिझेरियन म्हणतायत. तुमचं काय मत?"

मर्सीला नुकतीच एक कळ येऊन गेली होती. कपाळावर घाम. तिनं कागद घेतला, हात लांब करून उजेडात धरला. पुढची कळ आली तेव्हा कागद छातीवर ठेवला, कळ सोसली, पुन्हा उचलला. बोट फिरवत प्रत्येक उतार बघितला.

"खाली जातंय, पण प्रत्येक वेळी आपलं आपण वर येतंय," ती म्हणाली. "मधल्या वेळात रेघ छान हलती आहे. बाळ दमलेलं नाही, मॅडम. नाळ दाबली जात असेल. बाईला डाव्या कुशीवर घ्या, ऑक्सिजन लावा. तासभर थांबता येईल."

"नक्की?"

"नक्की, मॅडम."

मॅडमनी कागद घडी करून खिशात ठेवला. आम्ही मर्सीला डाव्या कुशीवर वळवलं, ऑक्सिजनचा मास्क लावला. तिनं एका शब्दानं विचारलं नाही की सात नंबरचा उपाय मला का.

ठोके नव्वदवरून शंभर, एकशे दहा. पन्नास मिनिटांनी मुलगी झाली. एवढीशी, लालबुंद, आणि बाहेर येता येता रडली. मुनियम्मा आणि मी दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो, आणि बाहेर सेल्वराजला सांगायला कुणी गेलंच नाही. तो दारातून आवाज ऐकून तिथंच जमिनीवर बसला होता.

मॅडम त्या दिवशी तशाच घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला आल्या तेव्हा मर्सी चार नंबरवर उशीला टेकून बसली होती, मुलगी कुशीत. मॅडम खाटेच्या कडेवर बसल्या. तशा त्या पेशंटच्या खाटेवर कधी बसत नसत.

"मर्सी, काल मी तुला फसवलं," त्या म्हणाल्या. "तो ग्राफ सात नंबरचा नव्हता. तुझाच होता."

मर्सीनं मुलीच्या कानावरचं दुपटं सारखं केलं.

"मॅडम," ती म्हणाली, "सात नंबरला परवाच डिस्चार्ज दिला. इथं माझ्याच खाटेवर फॉर्म ठेवून तुम्ही सही केलीत."